नग सतरावा

अठ्ठावीस वर्षं मी हाडं पुसली.
प्राणिशास्त्राच्या तळमजल्यावर
फॉर्मॅलिनच्या वासात डबा उघडून भाकर खाल्ली.
तेव्हा काम सोपं होतं: बरणी, नाव, कुळ, चिठ्ठी.
बेडकाला कोणी विचारत नव्हतं,
तू उडी मारतो कसा.

मग वैरागडे मॅडम आल्या.
पहिल्याच मे महिन्यात, मी कूलरची टाकी भरत होतो, तर म्हणाल्या,
शालिकराम, इतवारीत कोणी सराफ आहे का ओळखीचा?
मला वाटलं, पोरीचं लग्न असंन.
त्यांना काटा पाहिजे होता,
गुंजेचा फरक दाखवणारा,
पालीच्या पायात किती जोर आहे ते पाहायला.

फिजिक्सवाले हसले. भिंतीपलीकडेच बसायचे ते,
पण मधल्या दाराला कुलूप, अन् किल्ली कोणाजवळच नाही.
ते कुलूप मीच काढलं, पेचकसानं.
आम्हाला त्यांची स्प्रिंग पाहिजे होती
अन् त्यांना, पुढं पुढं, आमचा नाकतोडा.

सगळं मला कळलं असं नाही.
सीताबर्डीचा चाफले, लग्नाचं शूटिंग करणारा,
कॅमेरा आणायचा, संथ चालवून दाखवायचा:
नाकतोडा आधी पाय मुडपतो. थांबतो.
गुडघ्यात ताण साठवत राहतो,
मग एकदम सोडतो, गुलेलीसारखा.
मॅडम टाळी वाजवायच्या.
आम्हाला वाटायचं डास मारला.

पूर्वी मी कपाटं कुळावारी लावायचो.
आता एका कागदावर भिंत चढणारे,
एकावर पाण्यावर उभे राहणारे, फुटाळ्याचे किडे,
एकावर पडले तरी न मोडणारे.
मोमिनपुऱ्याची शेळी अन् झाडावरची खार
एका रांगेत. सोयरीक कशाची, तर पावलाची.

नवी इमारत झाली. जमिनीत पोलादी पाट बसवला,
त्यावर पाय पडला की पडद्यावर रेघ उठते.
इंजिनिअरिंगची पोरं येतात,
देवळात आल्यासारखे जोडे बाहेर काढतात.

रिटायर व्हायच्या आधीचा शुक्रवार.
मॅडम म्हणाल्या, तुम्हीही चाला.
काहून?
चाला ना.

बारा पावलं. डाव्याची रेघ उभी, ताठ.
उजव्याची अर्ध्यातच बसली,
जिन्यावरून बरण्या वाहिलेला गुडघा तो.
पोरं गप्प. मॅडम आकडे लिहीत होत्या.

तक्ता अजून भिंतीवर आहे.
बगळ्याच्या खाली, शेळीच्या वर.
चिठ्ठी मीच लिहिली,
तिथं माझंच अक्षर बरं होतं म्हणून:
नग सतरावा. मेश्राम.
जिवंत.