लिहून घेणार

दस्ताच्या पहिल्या पानावर भाऊ आहे:
हेमकांत सदाशिव धुरी, वय चोपन्न,
राहणार मिसिसागा, नागरिकत्व कॅनडा,
यापुढे ज्यांचा उल्लेख 'लिहून घेणार' असा.
त्याच्या खाली, जरा बारीक टायपात, मी:
त्यांच्या तर्फे कुलमुखत्यार.

तिकडे रात्रीचे दोन. तो जागा आहे.
कुंदे, टोकन कितवं?
एकोणचाळीस. आत्ता सतरा चाललंय.
निबंधक कार्यालयात पंखे फक्त खिडकीपलीकडच्यांना.
बाकावर एक नवं जोडपं, दोघांच्या मांडीवर मिळून एक फाइल;
बिल्डरचा माणूस तिसऱ्यांदा झेरॉक्सला पळालेला.
'भाऊ इथलेच ना? मग परदेशी झाले तरी फ्लॅट चालतो,'
एजंट पागे मला समजावतात,
'शेतजमीन तेवढी नाही.'
शेती आमची कधी नव्हतीच.
आई तेलाच्या डब्यात ओव्याची पानं लावायची, तेवढीच.

टोकन येईपर्यंत मी दस्त वाचते.
चटई क्षेत्र सहाशे बारा चौरस फूट.
चटई!
आमची तीन बाय सहाची होती, कडा सुतळीने शिवलेल्या,
कन्नमवार नगरात, तळमजल्यावर.
तिच्यावर आम्ही दोघं, त्याचा पाय माझ्या पोटावर
आणि माझी तक्रार आईकडे, रोज, झोप लागेपर्यंत.
पेन काढून फाइलच्या पुठ्ठ्यावर भागाकार करते.
चौतीस.
चौतीस चटया, आणि झोपायला कुणी नाही.

चतुःसीमा येणेप्रमाणे:
पूर्वेस मिठागर व खाडी,
पश्चिमेस लिफ्ट,
दक्षिणेस सदनिका क्रमांक ३१०२,
उत्तरेस मोकळी जागा.
एकतिसाव्या मजल्यावर मोकळी जागा
म्हणजे हवाच की.
आमच्या भावाची हद्द हवेला लागली, आईला सांगायला हवं होतं.

'अंगठा ठेवा.'
ठेवते. मशीन घेत नाही.
एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या,
पातळ आम्लात रेषा कधी विरघळल्या, बघितलंच नाही.
'केसांवर घासा, बाई.' घासते.
'आता दाबून.' दाबते.
मागची रांग माझ्याकडे बघते, जणू मी कुणाचं तरी लाटायला आलेय.
कानाशी भाऊ: काय झालं? काय झालं गं?
काही नाही रे, म्हणते,
तुझा अंगठा लागत नाहीये.

पाचव्या खेपेला लागतो.
मग कॅमेऱ्याकडे बघा. पदर सारखा करीपर्यंत निघालाही.
चेहरा माझा, त्याच्या बाजूला नाव त्याचं.
फोनवर बराच वेळ नुसता श्वास.
मग: मिठागरं दिसतात ना गं खिडकीतून?
दिसतात, म्हटलं. मी अजून वर गेले नव्हते.
म्हातारपणी येऊन बघत बसेन, म्हणाला,
तोवर आठवड्याला एकदा नळ सोडत जा, नाहीतर जाम होतात.

म्हणून आता शनिवारी मी नळ सोडायला जाते.
दिव्याहून कांजूर, पुढे शेअर रिक्षा.
गेटवर वही: नाव, वेळ, आणि एक लांब रकाना,
मालक, भाडेकरू, पाहुणा, मदतनीस. योग्य तिथे खूण करा.
पहिल्या शनिवारी मी पेन धरून उभीच राहिले.
मग समासात लिहिलं, कुलमुखत्यार.
वॉचमनने एकेक अक्षर लावून वाचलं.
'ये कौन होता है, मॅडम?'
बहीण, म्हटलं, आणि लिफ्टकडे गेले.

वर आधी तांबूस पाणी येतं, खोकत खोकत.
बादली अजून घेतलेली नाही.
तळहातावर घेते, बघते, सांडते,
पुन्हा घेते.