शून्य, पण कोणतं?

ऑर्कनीच्या या बेटावर झाड नाही एकही.
वारा कळतो तो गवतावरून,
आणि धक्क्यावरच्या शेडच्या पत्र्यावरून.
वाऱ्याला आता काम लावलंय इथं:
पाण्याची फोड करायची, हलकं ते साठवायचं,
फेरीबोट आली की तिच्या पोटात भरायचं.

त्याला वास नाही, रंग नाही. पेटलं तरी
भर दुपारी ज्योत दिसत नाही.
म्हातारा एर्लंड फ्लेट सांगतो, तरुणपणी कारखान्यात
तो केरसुणी पुढं धरून चालायचा.
केरसुणी पेटली, की समजायचं: इथं.

आता केरसुणीच्या जागी, आढ्याला, अंगठ्याएवढी डबी.
आत पॅलेडियमचा पापुद्रा,
हायड्रोजन पिऊन किंचित फुगणारा,
भिजत घातलेल्या डाळीसारखा.
त्या फुगण्याचा आकडा होतो,
आकड्याची शिट्टी, शिट्टीची पळापळ.

दर तीन महिन्यांनी मेरेन ड्रेव्हर शिडी लावते.
तिला वास येत नाही; चार वर्षांपूर्वी
एका तापात गेला, परतलाच नाही.
"नाक नसलेली बाई नाकं तपासते,"
तीच हसते, कुणी बोलायच्या आत.

पडद्यावर शून्य. पाचांवरही शून्य.
मी वहीत लिहू लागलो: ठीक.
"थांब," ती म्हणाली. "शून्य, पण कोणतं?
काही नाही म्हणून,
की काही कळत नाही म्हणून?"

नळकांड्यातून तिनं मोजका वायू सोडला
एकेका डबीच्या तोंडाशी.
पहिली ओरडली. दुसरी.
तिसरी जरा आळसावून.
चौथी गप्प.
हिरवा दिवा तसाच,
नाकासमोर बघून चालणाऱ्या माणसासारखा.

मग आठवलं. मार्चमध्ये खिडकी गळत होती,
मीच फटीला सिलिकॉन लावलं होतं,
तिच्या शेजारीच. चांगलं दाबून.
पाणी थांबलं.
आणि वरच्या त्या बारक्या जिवाचा श्वास बुजत गेला;
बुजता बुजता तो शून्य दाखवत राहिला,
आम्ही खाली बसून चहा प्यायलो.

मेरेन रागावली नाही. डबी उतरवून खिशात टाकली,
नवी बसवली, तिला ओरडायला लावलं, दोनदा.
ओरडणं ऐकून तिचे खांदे खाली आले.
पाचवी राहिली होती, तीही ओरडली.

बोट यायला अवकाश होता.
तिनं जेवणाचा डबा उघडून माझ्यापुढं धरला:
"हेरिंग कालचं आहे. बघ रे, नासलं तर नाही?"
मी वास घेतला.
दोनदा.