वरची दहा सेंटिमीटर

शीळफाट्याच्या मागे, गोठेघरच्या खाचरात
भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर
चांगुणा मढवीने यंदा मोहरी फेकली.
"तेल नाय निघालं तर भाजी खाऊ."

मी मंगळवारी जाते.
बांधापासून चार पावलं आत दहा झाडं, खुणेच्या सुतळीची,
प्रत्येकाच्या शेंड्याची वरची दहा सेंटिमीटर
भिंगाखाली धरते आणि मावा मोजते.
नऊ. चौदा. शून्य. एकवीस.
बोटं चिकट होतात, वहीची पानं एकमेकांना धरून बसतात.

"मोजून कमी होतात का गो?"

नाही होत.
पण न मोजता फवारलं
तर कोण मेलं तेही कळत नाही.

काठीवर उलटा टांगलाय पामतेलाचा पिवळा डबा,
वरून एरंडेल चोपडलेलं.
मावा त्याला फुलोरा समजतो.
पहिल्या दिवशी मी पिवळी ओढणी घेऊन गेले होते,
परतताना कळव्याच्या सिग्नलला पाहिलं,
सत्तावीस पंखवाले माझ्या खांद्यावर
बिनतिकीट शहरात निघालेले.

जानेवारीत तीन दिवस आभाळ धरून राहिलं.
पारसिकचा डोंगर दिसेना, समोरचे टॉवर अर्धे.
सरासरी लाल रेघेच्या वर गेली.
निंबोळी अर्क गाळून झाला होता,
पंप पाठीवर चढवायचा, तोही मधमाश्या घरी गेल्यावर,
तेवढ्यात एक पान उलटलं.

तपकिरी, फुगलेले, कागदासारखे मावे.
पाठीवर नेमकं गोल भोक,
आत कुणीतरी जेवून, दार न लावता गेलेलं.
बाजूला ढालकिड्याची पिल्लं, काळी, काटेरी,
सुसरीसारखी सरपटत.
चांगुणा त्यांनाच चिरडायला निघाली होती.
तिचा हात धरला.

पुन्हा मोजलं. भोकवाले वजा केले.
वहीत लिहिलं: फवारणी नको, आठ दिवस थांबा.
ती वहीकडे बघत राहिली,
पोरीच्या पगाराकडे बघतात तशी.

पुढच्या मंगळवारी
एकवीसवाल्या झाडाला शेंडाच नव्हता.
कडेच्या सगळ्या ओळीचे शेंडे मोडलेले,
बांधावर साबणाच्या पाण्याची बादली,
वर तरंगतोय हिरवट साका.

"आठ दिवस काय हात बांधून बसू?"

ढालकिडे मात्र तिने वेचून
आतल्या झाडांवर नेऊन सोडले होते.

रकान्यात आकडा हवा होता.
शेंडा नाही तर दहा सेंटिमीटर कुठून आणू?
थोडा वेळ पेन्सिल चावली.
मग त्या चौकटीत
बारीक अक्षरात तिचं नाव लिहिलं.