गिलावा

बानी नदी आटून गुडघ्याला लागली
की कोम्पो तिएन्ता खड्ड्यात चिखल कुजत घालतो:
भाताचा कोंडा, शेण, गोरखचिंचेची पूड,
आणि वीस दिवसांचा वास,
ज्याला इथं कुणी नाक मुरडत नाही.
पोरांना मळायला धाडावं, ती नुसती नाचून येतात.
चिखल तरीही मळलेला असतो.

पहाटे ढोल.
वरच्या आळीच्या टोपल्या, खालच्या आळीच्या टोपल्या,
कोण आधी पोचतं याची जुनी भांडणं.
बाया एकमेकींना टोमणे मारत
घागरी घागरीनं नदी वर आणतात.
भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या दांड्यांवर
गवंडी चढतात.
थापी नाही. पंजा.

एका पाहुण्यानं विचारलं, मशीद किती जुनी?
कोम्पो म्हणाला, किती बोटं खोल विचारतोस?
वरचं बोट आजचं आहे. हात लावू नकोस, ओलं आहे.

गेल्या पावसात नदीकडचा कोपरा सोलून निघाला.
आतला कुठला तरी थर उघडा पडला,
त्यावर एक लहान पंजा,
करंगळी वाकडी.
तशी करंगळी आळीत एकाचीच होती, बारेमाची.
त्याला नदीनं नेलं त्याला,
जाऊ दे, वर्षं कोण मोजतं.

कोम्पोनं दांडीवर बसून
त्यात आपला हात ठेवून पाहिला.
मावला नाही.

खालून ओरडा झाला, अरे, वाळतोय चिखल!
तेव्हा त्यानं टोपलीतून गोळा उचलला
आणि धाकट्या भावाच्या हातावरून
आजचा हात फिरवला.
तिथं थर जरा जाडच बसला.