उठलं की जातं

आठ दिवस झाले,
दाढ कोरत बसले की मध्येच मॉनिटर काळा.
खरी दाढ नव्हे, पडद्यावरची.
डॉक्टर मिस्किटांच्या कुणा पेशंटची, छत्तीस नंबर,
खालची डावी. हिच्यावर मुकुट बसवायचाय.
चोवीस इंचांवर ती गडाएवढी दिसते,
बुरुज, खिंडी, मधोमध पाण्याचं टाकं,
आणि लॅपटॉपवर
नुसती दाढ.

काळा म्हणजे तरी किती, दोन सेकंद.
मग कोपऱ्यात 'नो सिग्नल',
मग पुन्हा गड जसाच्या तसा,
जणू मधे काही घडलंच नाही.

केबल काढली, फुंकर मारली, लावली.
टोकं बदलून लावली.
लॅपटॉप बंद करून चालू केला, मग मॉनिटर,
मग आधी हा मग तो, मग आधी तो मग हा,
नवसाचा क्रम चुकू नये तसं.
साठ हर्ट्झचे पन्नास केले.
मिक्सरच्या प्लगला लावून पाहिलं,
तेव्हापासून चटणी सकाळी आठच्या आत वाटायची, असा घरात नियम झाला.

दीर बँकेत असतात, त्यांनी फोनवरच निदान केलं,
"वहिनी, अभ्युदयनगरची वायरिंगच जुनी."
सासूबाई म्हणाल्या, दक्षिणेला तोंड आहे त्याचं.
फिरवला.
पूर्वेकडे बघतही गेला.

लॅपटॉप मात्र शांत.
सेटिंगमध्ये जाऊन विचारावं तर
दोन चौकोन दाखवायचा, एक आणि दोन, शेजारी-शेजारी,
लग्नाच्या फोटोतल्यासारखे.
आमचं सगळं ठीक चाललंय.

शेवटी वही घातली.
११.१० कुकर. गॅस बंद करून आले तोवर गेलेला.
११.५० कुरियरवाला.
१.०५ सासूबाईंची हाक, चष्मा सापडत नव्हता.
३.२० काही नाही, पाठ.
४.०० दूध.
पानभर झालं. मी त्यात वीज शोधत होते.

शाल्मली पाचवीत आहे. पलंगावर पालथी पडून
नकाशात कापसाची काळी माती रंगवत होती.
मान वर न करता म्हणाली,
"आई, तू उठलीस की जातं."

बसले. उठले.
गेलं.
बसले, आलं, उठले, गेलं.
खुर्ची!
परळच्या बंद झालेल्या एका ऑफिसातून सातशेला आणलेली,
दांड्यात गॅस भरलेली. उठलं की सुस्कारा सोडते,
त्या सुस्काऱ्यात कुठेतरी न दिसणारी ठिणगी,
आणि ती हवेतून थेट केबलच्या कानात.
संध्याकाळभर उठाबशा. सासूबाईही बसून उठून गेल्या.
त्यांच्या वजनाला जात नाही.

मग ठरलं, नवी केबल येईपर्यंत मी उठायचं नाही.
पाणी हातात आलं.
दार सासूबाईंनी उघडलं, कुरियरवाल्याशी बोलल्यासुद्धा,
तो चिपळूणचा निघाला.
शिट्ट्या शाल्मलीने मोजल्या.
चष्मा आपोआप सापडला.
आणि मी एका दाढेच्या खिंडीतून
सलग तीन तास चालले, वाट न मोडता,
अशी पहिल्यांदाच.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेले.
सगळं ऐकून रफीक खांचे हसले नाहीत.
"होतं ताई. खुर्चीची वीज. तुमच्या केबलला आत कवच नाही."
जाड केबल काढली, दोन्ही टोकांपाशी काळी गाठ.
हे काय?
"ताईत समजा."
साडेचारशे सांगून चारशे वीसला दिली.

मुकुट मिस्किटांकडे पोचला. पहिल्या झटक्यात बसला म्हणे.
आता पडदा जात नाही. उठा, बसा, नाचा.

केबल मी शनिवारीच आणली होती.
लावली
मंगळवारी.