चौदावं मिनिट

हिद्दच्या गोदीत माझी पाळी दोन ते दहा.
तिची मालिका सहाला लागते.
वेंगुर्ल्यात तेव्हा साडेआठ.

सहाला मी क्रेनच्या पिंजऱ्यात असतो.
खाली एका जहाजाचं पोट उघडं,
वेल्डिंगच्या ठिणग्या,
आणि खिशात फोन दोनदा थरथरतो.
प्रणिताच असणार.
काढून बघायची सोय नाही,
खालून सेफ्टीवाला माझ्याकडेच बघत असतो.

अकराला खोलीवर. आंघोळ. सकाळची डाळ.
मग रेकॉर्डिंग लावतो, क्लाउडमधलं.
क्लाउड म्हणे!
इथे आठ-आठ महिने आभाळात
औषधाला ढग सापडत नाही,
आणि माझे एकसष्ट तास
कुठल्याशा ढगात सांभाळून ठेवलेत.

मेसेजवर वेळ असते : सहा बारा.
रेकॉर्डिंग दोन मिनिटं आधी सुरू होतं,
म्हणजे चौदावं मिनिट.
तिथे थांबवतो.
"बघलात तिचो हार?"
बघितला. खोटा वाटतो.
सहा एकोणीस : "आता रडतली बघा."
एकविसाव्या मिनिटाला, खरंच, रडते.
असा मी रोज पाच तास उशिरा
तिच्या शेजारी वेळेवर जाऊन बसतो.

मुहर्रकच्या काउंटरवरचा बिजू म्हणाला,
"भाई, रेकॉर्डिंग महिनाअखेर बंद. जुनं पण जाणार.
पण ऑन-डिमांड आहे ना!
सगळे भाग, हवे तेव्हा, जाहिरात नाही,
वर दोन दिनार स्वस्त."
मन लावून समजावतो बिचारा.
मी घरी येऊन लावून बघितलं.
स्वच्छ. धुतल्यासारखं.
तीस मिनिटांची बावीस झालेली.
चौदाव्या मिनिटाला
भलतंच कुणी जिना उतरत होतं.
हार कधीच होऊन गेला होता.
हवं तेव्हा म्हणे.
मला हवं तेव्हा नको होतं, बिजू,
मला 'तेव्हा' हवं होतं.

हे त्याला हिंदीत सांगता येईना.
मी दोन दिनार वाचवले.

एक मेसेज मात्र कधीच जुळला नव्हता.
सहा चोवीस : "ह्या बायेक काडीची अक्कल नाय."
सव्विसाव्या मिनिटाला माझ्याकडे जाहिरात.
(जाहिरातीत आमची ताटातूट होते :
तिच्याकडे कुकर, माझ्याकडे
'घरी पैसे पाठवा, क्षणात पोचवा'.)
पैसे मोजणारी बाई गोड हसत होती.
हिला का अक्कल नाही?
मागे नेलं, पुढे नेलं.
सासू? ती तर त्या भागातच नाही.
शेवटी शुक्रवारी फोनवर विचारलं,
खयची बाय गो ती?
"तुमची वैनी! फ्रीज उघडो टाकून गेली."

म्हणजे मी इतके महिने
पडद्यावरचं सगळं साठवत होतो
आणि समोरची खोली
एकाही मिनिटात नव्हती.
तो फ्रीज, त्यातला दिवा,
उठून दार लावणारी ती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी
चहाची सुट्टी सहाला मागून घेतली.
क्रेनवरून उतरलो, शिडीचे बेचाळीस गज,
कंटेनरच्या सावलीत उकिडवा बसून फोन लावला.
काही बोलू नकोस, म्हटलं, बघ तू. नुसता ठेव.
तिने तो पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला असावा :
मालिकेचं संगीत डब्यातून आल्यासारखं,
मागे कुकरची शिट्टी, चपला,
कुणीतरी "मीठ खंय?" विचारून गेलं,
फ्रीजचं दार धप्प.
मालिकेत काय चाललंय काही कळत नव्हतं.
सहा अकरा. सहा बारा. सहा तेरा.
चहावर साय धरली.

मग एकदम आवाज जवळ आला :
"हां, जाहिरात लागली. बोला."