वाऱ्यावर आळ

त्रेलेऊत वारा पश्चिमेकडून येतो.
डोंगर उतरतो, सगळा कोरडा माळ तुडवतो
आणि आमच्या न्हाणीघराच्या पत्र्यावर येऊन बसतो.
पत्र्याचा एक खिळा सैल आहे.
टक्. टक्. मग बराच वेळ काही नाही.
त्या ‘काही नाही’मध्ये एवारिस्तो
पुढच्या टक्ची वाट बघत पडून राहतो.

मी झोपते.
हे त्याला अजून माफ करता आलेलं नाही.

सकाळी येर्बाचा पहिला कडू घोट घेऊन
तो निकाल वाचतो: “दोन तास. फार तर सव्वादोन.”
एकतीस वर्षं लोकरीच्या गोदामात काट्यापाशी काढलेली.
गासडी चढायच्या आधी आकडा त्याच्या ओठांवर असायचा.
आता झोपेलाही तो काट्यावर चढवतो
आणि ती रोज कमीच भरते.

औषधाच्या दुकानातली पोरगी हसत म्हणाली,
मोजा की मेंढ्या, काका.
त्याने मोजल्या.
चारशे बारावी कुंपणावरून उडी मारायला गेली
आणि हा ताडकन उठून बसला:
“ही हुगो प्राइसची. हिच्या पाठीवर राख आहे.”

सांगते.
एका वर्षी ज्वालामुखी फुटला, दूर, डोंगरापलीकडे.
आठवडाभर आभाळातून राखाडी पीठ पडत होतं
आणि मेंढ्या ते अंगावर घेऊन उभ्या होत्या.
लोकर विकायला आली तेव्हा मालक म्हणाला,
गासडीमागे नऊ किलो राखेचे कापा.
एवारिस्तोने नऊ लिहिले.
हुगोने कागदाकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं, सही केली.
दोन वर्षांनी त्याने जमीन विकली.
तेव्हापासून आमच्या घरात वारा फार जोरात वाहतो.

मला काळज्या नाहीत असं नाही.
गुडघा आहे. उशुआइयाला गेलेली मुलगी आहे,
फोन उचलते तेव्हा तिचा आवाज नुकताच धुतल्यासारखा असतो.
अंथरुणावर पडले की त्या येतातच.
मी त्यांना भिंतीकडच्या बाजूला जागा देते,
म्हणते, पडा बायांनो, थंडी आहे,
आणि पाठ करते.
एवारिस्तो मात्र दाराला कडी घालून
आतून दार दाबून धरतो रात्रभर.
दार दाबून धरलेल्या माणसाला कशी लागावी झोप?

मग एप्रिलमधली ती रात्र.
वारा पडला.
असा पडला, की शेजारच्या कुत्र्याचं खाजवणं ऐकू यावं.
खिळा गप्प. पत्रा गप्प.
मला जाग आली ती त्या शांततेनं,
आणि बघते तर हा उताणा, डोळे टक्क उघडे.
ज्याच्यावर इतकी वर्षं आळ घेतला
तो तर आज गावातच नव्हता.

स्वयंपाकघरात दिवा न लावता किटली ठेवली.
पाणी कुजबुजायला लागलं तेव्हा तो म्हणाला,
“चार असेल. फार तर पाच.”
कशाचे, ते मी विचारलं नाही.
थोड्या वेळाने म्हणाला, “मला तेव्हाच माहीत होतं.
हातांना कळतं गं.”
मी त्याच्या हातांकडे पाहिलं.
अंधारात ते अजून काहीतरी उचलून धरल्यासारखेच होते.
“मीही जागते कधीकधी,” मी म्हटलं.
“फक्त घड्याळ बघत नाही.”
“खोटं. तू घोरतेस.”
“तेही करते.”

दुसऱ्या दिवशी त्याने शिडी काढली, खिळा ठोकायला.
दोन पायऱ्या चढला,
उतरला, शिडी परत ठेवली.
असू दे, म्हणाला.
टेबलावर एक पाकीट पडलंय आठवडाभर.
वर हुगोचं नाव, पत्ता नाही.
पत्ता विचारायचा कुणाला, यावर आम्ही अजून बोललो नाही.

काल रात्री वारा होता, सणसणीत.
तो झोपला की नाही मला ठाऊक नाही,
मी झोपले होते.
सकाळी त्याने घोट घेतला, किटली माझ्याकडे सरकवली.
आकडा सांगितला नाही.